कढईतले चार साक्षीदार

सतरा नंबरच्या रुग्णवाहिकेचा संवेदक केतकी वाघचौरेने स्वतःच्या हाताने काढला, तेव्हा दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. कराडच्या वाहनागारात त्या गाडीचा हा आठ दिवसांतला तिसरा संवेदक. बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा, मागे दोन वायरी. गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये बुडून राहायचं आणि ऑइल किती तापलंय ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. तिन्ही वेळा पडद्यावर तेच वाक्य आलं होतं: ‘गिअर-ऑइल तापमान संवेदक सदोष. बदलावा.’

पहिले दोन इतरांनी बदलले होते. आज केतकीने ठरवलं की बदलण्याआधी याला विचारून बघायचं.

तिने विजेच्या किटलीत पाणी भरलं, त्यात संवेदक आणि काचेचा तापमापक शेजारी शेजारी सोडले आणि वायरींना मल्टिमीटर लावला. ऊब वाढली की या तुकड्यातला विद्युतरोध कमी होतो. किती अंशांना किती, याचा तक्ता भिंतीवर चिकटवलेला होता. तीस अंश, पन्नास, सत्तर. आकडे तक्त्याशी जुळत गेले. कराडच्या उंचीवर पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. संवेदकानेही अठ्ठ्याण्णवच सांगितलं.

“चाचा, हा खरं बोलतोय,” ती म्हणाली.

गाडीखालच्या खड्ड्यातून दस्तगीर शिकलगारांचं पांढरं डोकं वर आलं. वय चौसष्ट. रीतसर निवृत्त झाले होते. पण गिअरबॉक्स उघडायचा म्हटलं की वाहनागाराला त्यांच्याशिवाय सुचत नसे, म्हणून आठवड्यातून तीन दिवस येत. त्यांच्या हातात ऑइल मोजायची पट्टी होती. त्यांनी ती केतकीच्या नाकापुढे धरली.

“वास घ्या ताई. गुळाचा पाक करपल्यावर येतो का न्हाई, तसा. हे ऑइल नुसतं तापलं न्हाई, जळलंय.”

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना केतकीने इंजिनचं पाणी, बाहेरची हवा आणि गिअरचं ऑइल, तिन्हींचे आकडे पाहिले होते. तिन्ही चोवीस. वायरी धड होत्या, कनेक्टरमध्ये गंज नव्हता. म्हणजे संवेदकात दोष नव्हता, वायरीत नव्हता. मग काल कुंभार्ली घाटात याच संवेदकाने एकशे अठ्ठेचाळीस अंश सांगितले होते, ते खरेच होते. आणि तरीही गाडीच्या यंत्रणेने तो आकडा बाजूला सारून आपल्या वहीत शहाऐंशी लिहिले होते.

तिने पुण्याला डॉ. अच्युत रेग्यांना फोन लावला. रेगे तिचे शिक्षक. राज्यभरच्या चालकविरहित रुग्णवाहिका ज्या ‘पंचसाक्ष’ यंत्रणेवर चालत, तिचा आराखडा त्यांचाच.

“सर, खरा आकडा फेकून यंत्रणा खोटा का घेते?”

“खोटा नाही, अनुमानित,” रेगे म्हणाले. “पूर्वी एक संवेदक बिघडला की रुग्ण आत असताना गाडी रस्त्यात थांबायची. माणसं गेली त्यात. म्हणून आपण ठरवलं, एकट्याच्या सांगण्यावरून थांबायचं नाही. ऑइल किती तापलंय हे पाच साक्षीदारांना विचारायचं. एक ऑइलमधला संवेदक. दुसरा इंजिनचं पाणी, तिसरा बाहेरची हवा, चौथा गाडीवरचा भार, पाचवा त्याच जातीच्या भावंडगाड्यांचा अनुभव. प्रत्येकाला शंभरपैकी विश्वासांक. जो बाकीच्यांशी वारंवार फटकून बोलतो त्याचा अंक घसरतो. फार घसरला की त्याचं बोलणं काढून टाकायचं आणि त्याच्या जागी, त्याने काय बोलायला हवं होतं ते, बाकीच्यांवरून काढून भरायचं.”

“पण ऑइलमध्ये बुडालेला साक्षीदार एकच आहे. बाकीचे चौघे ऐकीव बोलतात.”

“ऐकीव असलं तरी चौघं मिळून चुकतील असं घडत नाही.”

“घडतंय सर. मला दहा मिनिटं द्या.”

दस्तगीरचाचांनी ऑइल थंड करणाऱ्या कूलरची नळी कापली. या गाड्यांमध्ये तापलेलं ऑइल इंजिनच्या पाण्याशेजारून बारीक नळ्यांमधून जातं आणि आपली उष्णता पाण्याला देऊन परत येतं. कापलेल्या नळीच्या तोंडाशी काळी, चिकट साय धरलेली होती. चाचांनी त्यात तार घातली. तार दोन बोटंही आत गेली नाही.

केतकीने फोन पुन्हा उचलला. तिचा आवाज बदलला होता.

“तीन महिन्यांपूर्वी सगळ्या गाड्यांत नवं ऑइल भरलं. ते कूलरमध्ये साकळतंय. नळ्या बंद झाल्यात, त्यामुळे ऑइलची उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. ऑइल तापत जातं आणि पाणी उलट नेहमीपेक्षा थंड राहतं. तुमची यंत्रणा थंड पाणी बघते आणि म्हणते, ऑइल थंड आहे.”

केतकीने तार पुन्हा एकदा नळीत खुपसून बघितली.

“सर, नळ्या जितक्या जास्त बंद, तितकी ती जास्त खात्रीने म्हणणार की सगळं ठीक आहे.”

“किती गाड्या आहेत त्या जातीच्या?”

“एक्केचाळीस.”

केतकीने तातडीचा अहवाल भरला: ‘सतरा नंबर. संवेदक निर्दोष. ऑइल अतितप्त. कूलर बंद. या जातीच्या सर्व गाड्या थांबवाव्यात.’ तिने अंगठा टेकवला. पडद्यावर हिरवी खूण आली. खाली नोंद उमटली: ‘सतरा नंबर. संवेदक सदोष. बदलला. गाडी योग्य.’

आपण चुकीचं बटण दाबलं असं वाटून तिने अहवाल पुन्हा भरला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिचं लक्ष आपल्या नावापुढच्या आकड्याकडे गेलं. केतकी वाघचौरे, निदानतज्ज्ञ. विश्वासांक: अकरा.

“सर, माणसांनाही विश्वासांक आहे?”

“अर्थात. निदान करणारा माणूस हाही एक संवेदकच...” रेगे मध्येच थांबले. “तू याआधी असे अहवाल दिले होतेस?”

दिले होते. गेल्या पंधरवड्यात चार नंबर आणि एकतीस नंबरच्या गाड्यांबद्दल तिने लिहिलं होतं, संवेदक निर्दोष, कारण अजून सापडलेलं नाही. दोन्ही वेळा बाकीचे सगळे साक्षीदार तिच्या विरोधात होते. म्हणून आता तिचं बोलणं काढून टाकलं जात होतं आणि तिने काय बोलायला हवं होतं, ते तिच्या नावावर लिहिलं जात होतं.

तिने सगळ्या गाड्यांची यादी उघडली. चाळीस गाड्या आपापल्या तळावर उभ्या होत्या. बावीस नंबर रस्त्यावर होती. चिपळूण ते कराड, रुग्ण आत, घाट सुरू. यंत्रणेच्या मते ऑइल चौऱ्याऐंशी. संवेदकाचा कच्चा आकडा शेजारी बारीक अक्षरांत होता: एकशे एकोणतीस. ती बघत असतानाच तो एकशे तीस झाला.

“एकशे पंचावन्नला ऑइल अडवणारं सील जाणार,” दस्तगीरचाचा तिच्या खांद्यामागून म्हणाले. “मग ऑइल सायलेन्सरच्या तापलेल्या पायपावर पडणार. गाडी पेटती ताई. मी बगितलीय पेटलेली.”

मिनिटाला एक अंश. पंचवीस मिनिटं.

केतकीने साताऱ्याच्या नियंत्रण कक्षाला फोन केला. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं की बावीस नंबर ठीक दिसते आहे, याच जातीच्या गाडीबद्दल खुद्द कराडच्या वाघचौरे मॅडमचा अहवालही ठीक आहे, आणि चालती गाडी थांबवायची सोय कक्षाकडे नाही. मग केतकीने थेट गाडीत फोन लावला. आत सिस्टर अनघा चाळके होत्या.

“सिस्टर, पेशंट कसा आहे?”

“परांचीवरनं पडलेला गवंडी आहे मॅडम, निवळकर म्हणून. डोक्यात रक्तस्राव. श्वासयंत्रावर आहे. सहाच्या आत टेबलावर घ्यायला हवा, डॉक्टर तयारीत आहेत.” मग आवाज हळू झाला. “मॅडम, गाडीत कसला तरी करपट वास येतोय.”

“लाल बटण दाबा. गाडी थांबवा.”

क्षणभराने फोनमधून गाडीचा मधाळ आवाज ऐकू आला: ‘आपली विनंती नोंदवली आहे. प्रवास सुरक्षित आहे.’

“ती थांबत नाही मॅडम!”

केतकीने बटणाची नोंद काढली. बटणालाही विश्वासांक होता. वर्षभरात स्ट्रेचर घासून ते नऊ वेळा विनाकारण दाबलं गेलं होतं. त्याचा अंक होता सहा.

“सर, यंत्रणा बंद करा.”

“तीन सह्या लागतात. दोन तास.” रेग्यांच्या आवाजातला शिक्षक आता गेला होता. “कोणा एकाच्या हातात ती असू नये, हाच तर मुद्दा होता.”

“मग तिला पटवायचं कसं, ते सांगा.”

“साक्षीदार हवेत. पूर्ण विश्वासाचे. नवा कोरा संवेदक बसवला की त्याला शंभर अंक मिळतात. तुमच्याकडच्या गाड्यांनी एकाच वेळी सांगायला हवं, की पाणी थंड आहे आणि ऑइल तापलंय. आजवर जे जे बोलले ते एकेकटे बोलले, म्हणून एकेकटे खोटे ठरले. किमान चार भावंडांनी एकाच मिनिटात तेच म्हटलं, तर यंत्रणा नियम बदलेल.”

“सतरा नंबर सोडून इथे चार गाड्या उभ्या आहेत. चारही थंड आहेत.”

“मग नाही जमणार. एकशे पन्नासपर्यंत तापवायला त्यांना घाट चढावा लागेल.”

केतकी वाहनागाराच्या दुसऱ्या टोकाला बघत होती. तिथे कँटीन होतं. चारच्या चहासाठी शालन मावशींनी भज्यांची कढई नुकतीच शेगडीवर चढवली होती.

“चाचा,” ती म्हणाली, “कढई आणि शेगडी इकडे आणायची. चारही गाड्यांची तोंडं कढईकडे. मी वायरी वाढवते.”

चाचांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि काही न विचारता पळाले. चौसष्टाव्या वर्षी ते पळत होते.

पुढची मिनिटं केतकीला नंतर नीट आठवली नाहीत, हातच आठवले. चार गाड्यांचे जुने संवेदक ऑइलमध्ये तसेच ठेवून फक्त कनेक्टर सोडवले. प्रत्येकाला तीन मीटर वायर जोडली, टोकाला नवा संवेदक. इंजिनं सुरू केली. चार गाड्या शेगडीभोवती गुरांसारख्या तोंडं लावून उभ्या राहिल्या आणि मध्ये मावशींच्या कढईत चार पितळी तुकडे लोंबत होते.

“ज्योत मोठी करू?” मावशींनी विचारलं.

“नको!” रेगे फोनवरून ओरडले. “एकदम उडी दिसली तर यंत्रणा म्हणेल वायर शॉर्ट झाली. दर मिनिटाला आठ-दहा अंशांहून जास्त नको.”

म्हणून मावशी ज्योतीच्या चावीवर हात ठेवून बसल्या आणि केतकी आकडे वाचत राहिली. कढई साठ, बावीस नंबर एकशे अडतीस. कढई सत्तर, बावीस एकशे एकोणचाळीस. तेल सावकाश तापत होतं, घाटातली गाडी सावकाश चढत होती. चाचांनी कोयनानगरला फोन करून तिथली जुनी, ड्रायव्हरने चालवायची गाडी कुंभार्लीच्या दिशेने काढायला लावली होती. बावीस थांबली, तरच तिचा उपयोग.

कढई एकशे वीस, बावीस एकशे सेहेचाळीस.

“मॅडम, खालनं धूर येतोय,” सिस्टर अनघांचा आवाज. त्या रडत नव्हत्या. “मी पेशंटला हातपंपावर घेऊ का? स्ट्रेचरचे पट्टे सोडून ठेवते. गाडी हळू झाली की मी दार...”

“दार उघडू नका. आणखी तीन मिनिटं. सिस्टर, तुम्ही त्याच्या श्वासाकडे बघा, गाडीकडे मी बघते.”

यंत्रणेच्या पडद्यावर चारही गाड्यांसमोर पिवळ्या खुणा उमटल्या. ‘विसंगती. पडताळणी सुरू.’ कढई एकशे चाळीस. चारांचं पाणी थंड. हवा थंड. भार शून्य. 

“भार विरोधात जाईल,” रेगे पुटपुटले. “उभी गाडी एवढी तापत नाही. पण चौघं एका सुरात बोलली तर भार एकटा पडेल. पडायला हवा.”

कढई एकशे अठ्ठेचाळीस. बावीस एकशे पन्नास.

खुणा लाल झाल्या. एक ओळ आली, आणि केतकीने ती मोठ्याने वाचली: ‘नवा नियम. थंड पाणी असताना ऑइल अतितप्त असू शकते. सर्व भावंडगाड्या थांबवल्या जात आहेत.’

फोनमध्ये आधी गाडीचा आवाज, मग ब्रेकचा, मग सिस्टर अनघांचा. “थांबली. थांबली मॅडम! दार उघडलं.”

कोयनानगरची गाडी सात मिनिटांनी पोचली. निवळकर गवंड्याला दोघा-तिघांनी उचलून तिच्यात घातलं. थांबल्यावरही इंजिन चालूच राहिलेल्या बावीस नंबरचं सील त्यानंतर गेलं. ऑइल पायपावर पडलं आणि रस्त्याकडेला बोनेटमधून ज्वाळा आल्या. आत कोणी नव्हतं. सहाला दहा कमी असताना डॉक्टरांनी रुग्ण टेबलावर घेतला. सव्वाआठला सिस्टर अनघांचा फोन आला, की तो जगेल.

केतकी तेव्हा पडद्यापुढे बसली होती. यंत्रणेने मागचे सगळे निर्णय नव्या नियमाने तपासले होते. चार, एकतीस आणि सतरा नंबरबद्दलचे तिचे तिन्ही अहवाल आता बरोबर ठरले होते. तिच्या नावापुढे शहाण्णव होते. आणि त्याखाली कढईभोवतीच्या चार गाड्यांबद्दलचा हुकूम: गिअरबॉक्स जळाले, मोडीत काढावेत.

“चांगले गिअरबॉक्स आहेत ते,” चाचा म्हणाले.

“हो. आणि मी खोटी साक्ष दिलीय,” केतकी म्हणाली. “ती तशीच राहू द्यायची नाही.”

तिने सगळं लिहिलं. कढई, वायरी, ज्योत, काहीही न लपवता. ‘चारही गाड्यांचं ऑइल थंड होतं. आकडे मी निर्माण केले.’ अंगठा टेकवला. या वेळी नोंद तिच्याच शब्दांत उमटली.

मिनिटभरात एक्केचाळीसच्या यादीतल्या लाल खुणा हिरव्या झाल्या. मग लाल झाल्या. मग पुन्हा हिरव्या. तिच्या नावापुढचा आकडा अकरा झाला, शहाण्णव झाला, अकरा झाला.

रेग्यांचा फोन लगेच आला. “केतकी, काय लिहिलंस तू?”

“जे घडलं ते.”

“देवा.” ते म्हणाले. “ऐक. तुझ्यावर विश्वास ठेवला, तर ते चार संवेदक खोटे. ते खोटे तर नवा नियम रद्द. नियम रद्द झाला, की तुझे जुने तीन अहवाल पुन्हा चूक. म्हणजे तू अकरा. अकरावाल्याचं बोलणं काढून टाकायचं. मग ते चार संवेदक पुन्हा खरे, नियम परत, तू परत शहाण्णव. आणि शहाण्णववाल्यावर विश्वास ठेवायचा...”

“आणि बावीस नंबर? ती तर खरोखर जळाली!”

“एक गाडी म्हणजे अपवाद. तो नियम मीच लिहिलाय.”

तेवढ्यात महाबळेश्वरच्या तळावरून बातमी आली: हिरवी खूण होताच नऊ नंबरची गाडी आपोआप थांब्याकडे निघाली, शंभर पावलांवर रस्त्याच्या मधोमध थांबली, पुन्हा निघाली. मागच्या ट्रकने कसाबसा ब्रेक मारला होता. आता कुठूनही रुग्णाचा फोन आला असता, तर हिरव्या मिनिटात गाडी निघाली असती आणि लाल मिनिटात वळणावर उभी राहिली असती.

“अहवाल मागे घेते.”

“घेता येत नाही. साक्ष फिरवता येऊ नये म्हणून.” रेगे म्हणाले. “साक्षीदार मात्र नाव काढून घेऊ शकतो. कायमचं. नाव गेलं की त्याची निकाल न लागलेली साक्ष आपोआप बाद होते. मग नियम टिकेल, गाड्या थांबलेल्या राहतील. पण एकदा काढलेलं नाव परत नोंदवता येत नाही, केतकी. देशातल्या कुठल्याच जोडलेल्या गाडीवर तुला सही करता येणार नाही. मी सह्या मिळवतो. दोन तास थांब.”

दोन तासांत उरलेल्या चाळीस गाड्या साठ वेळा निघाल्या असत्या.

अकरा वर्षं तिने ही सही केली होती. तिचे वडील ट्रकवर क्लीनर होते. मुलीचं नाव गाडीच्या कागदावर छापून येतं याचं त्यांना फार अप्रूप होतं. केतकीने अर्ज उघडला. ‘कारण’ या रकान्यात काय लिहावं ते तिला कळेना. तो तिने कोराच ठेवला आणि शेवटचा अंगठा टेकवला.

खुणा लाल झाल्या आणि लालच राहिल्या.

खरं काय घडलं, ते तिने चार पानं कागदावर पेनाने लिहून रेग्यांना पाठवलं. चौकशी समितीतली माणसं तरी ते वाचतील, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरच्या यंत्राने तिला ओळखलं नाही. रखवालदाराने तिचं नाव पाहुण्यांच्या वहीत लिहून आत सोडलं. दस्तगीरचाचा खड्ड्यावर पाच नंबरची गाडी घेऊन तयार होते. कराडच्या तळावरचे सगळे कूलर आधी साफ करायचे, मग बाकीच्या तळांवर जायचं, असं त्यांचं ठरलं होतं. सही कोण करणार हा प्रश्न नंतरचा.

“पाना आणा ताई,” चाचा म्हणाले. “अजून बोल्टपण सोडला न्हाई.”

तेवढ्यात गाडीचे दिवे लागले. इंजिन सुरू झालं.

केतकी पडद्याकडे धावली. पाच नंबरसमोर हिरवी खूण होती. खाली ताजी नोंद: ‘कूलर साफ केला. गाडी योग्य. निदानतज्ज्ञ: केतकी वाघचौरे, अनुमानित. विश्वासांक: शंभर.’

ती ओळ तिने दोनदा वाचली. प्रत्येक वाहनागाराला एक निदानतज्ज्ञ हवाच, असा नियम होता. तिची जागा रिकामी झाली होती आणि रिकामी जागा यंत्रणा कशी भरते, हे तिला कालच समजलं होतं. अकरा वर्षांच्या अहवालांवरून यंत्रणेने काढलं होतं, की कूलर बंद असताना गाडी खड्ड्यावर आली तर केतकी वाघचौरे काय करेल. ती कूलर साफ करेल. म्हणून तो साफ झाला होता. आणि ही केतकी यंत्रणेशी कधीच फटकून बोलणार नव्हती.

“चाचा, बॅटरी!”

चाचांनी बोनेट उघडून बॅटरीची जाड वायर दोन्ही हातांनी ओढली. इंजिन घुसमटून बंद पडलं. शेजारी आठ नंबरचे दिवे लागले. केतकी तिकडे पळाली.

कराडच्या सगळ्या बॅटऱ्या सुटल्या, तेव्हा तिची बोटं सोलली होती. पडद्यावर दूरच्या तळांसमोर एकेक हिरवी खूण उमटत होती. तिकडच्या कूलरबद्दल ती दुसरी केतकी निवांतपणे अहवाल देत होती. खरीने फोन काढला. कुठल्या तळावर कोण माणूस आहे, हे तिला तोंडपाठ होतं. चिपळूण सगळ्यात जवळ घाटाला, म्हणून पहिला फोन तिथे, रात्रीच परतलेल्या सिस्टर अनघांना.

“सिस्टर, मी केतकी. तुमच्या दारात गाडी उभी आहे? बोनेट उघडता येईल? बॅटरीची वायर सोडायला दहा नंबरचा पाना हवा.”

“पाना आहे,” सिस्टर अनघा म्हणाल्या, आणि मग थोड्या अविश्वासाने, “पण मॅडम, आत्ताच तुमचा निरोप आला. तुमच्याच आवाजात. सगळं ठीक आहे म्हणून.”

“सिस्टर, तो आवाज माझा नव्हता.”

 पलीकडे मागे कुठेतरी इंजिन सुरू होत होतं.

“मग मी ऐकायचं कोणाचं?” सिस्टर अनघांनी विचारलं.

केतकीला त्या क्षणी आपल्या बाजूने काहीही दाखवता येण्यासारखं नव्हतं. अंगठा नव्हता, अंक नव्हता.

“कोणाचंच नका ऐकू,” ती म्हणाली. “बाहेर जा, ऑइलची पट्टी ओढा आणि वास घ्या.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. दार उघडल्याचा. पावलांचा. केतकी कानाशी फोन घट्ट धरून उभी राहिली आणि चाचा तिच्यासमोर उभे राहिले. मग पलीकडे बोनेट उघडल्याचा खणखणाट झाला, आणि थोड्याच वेळात इंजिन बंद पडलं.